हाताच्या इशाऱ्यावर लष्करी रोबो: रिपोर्टच्या पहिल्या पानावरची ती ओळ खरी आहे का?

प्रश्न असा आला आहे: "मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने हातमोज्यावर सेन्सर लावून रोबो चालवायचा प्रोजेक्ट घेतलाय. रिपोर्टमध्ये 'लष्करी वापरासाठी उपयुक्त' असं लिहिलंय. गाईड सरांनी विचारलं, कुठल्या सैन्यात आणि कशासाठी? आम्हाला सांगता आलं नाही. सैन्यात खरंच असे रोबो वापरतात का? आणि हातमोजा चांगला की कॅमेरा?"

तुमच्या सरांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं माणूस आणि रोबो यांच्यामधल्या इंटरफेसवर काम करतोय, त्यातली काही तर निव्वळ हातवाऱ्यांवर गेली. अधूनमधून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून कॉलेजांतही जातो. तिथे एका तरी टेबलावर हा प्रोजेक्ट मांडलेला असतोच. ग्लोव्हवर फेव्हिक्विकने चिकटवलेला, हाताचं कलणं मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, हुकमाला गाडीचा पत्ता जोडणारी एचटी१२ई एन्कोडर चिप, तो पाठवणारं ४३३ मेगाहर्ट्झचं रेडिओ (आरएफ) मॉड्यूल, पलीकडे मोटर चालवणारी एल२९३डी चिप आणि दोन गिअर मोटर. हात पुढे झुकवला की गाडी पुढे, डावीकडे कलवला की डावीकडे.

एकदा शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन गटांचा हाच प्रोजेक्ट होता. पहिल्या मुलीने हात झुकवला आणि दोन्ही गाड्या निघाल्या. दुसऱ्या गटातला मुलगा गाडीमागे धावला, कारण ती थेट टेबलाच्या कडेला चालली होती. कारण साधं होतं. एचटी१२ईला पत्त्यासाठी ८ पिना असतात, म्हणजे २५६ पत्ते. पण नेटवरच्या सर्किटमध्ये आठही पिना ग्राउंड केलेल्या असतात आणि सगळे तेच सर्किट उतरवतात, म्हणून सगळ्यांचा पत्ता एकच. मी त्यांना एवढंच विचारलं, "ही लष्करी गाडी असती आणि शेजारचं टेबल शत्रूचं असतं तर?" सगळे हसले. मी मात्र तो प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. प्रयोग भरपूर झालेत आणि चालू आहेत. मात्र रोज कामाला लावलेले लष्करी रोबो आजही बहुतेक जॉयस्टिकवर, टॅब्लेटवर किंवा व्हिडिओ गेमसारख्या कंट्रोलरवरच चालतात. यात सैन्याचा मागासपणा नाही, कारणं तांत्रिक आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. दिघीच्या आर अँड डीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने 'दक्ष' बनवला. बॉम्ब हाताळणारा, जिने चढणारा हा रोबो २०११ च्या डिसेंबरमध्ये लष्कराकडे गेला. तो ५०० मीटर लांबून चालवता येतो, आणि त्याचा मुद्दाच तो आहे: बॉम्बजवळ माणूस नको. आता ५०० मीटरवरून हातवारे कोण कुणाला दाखवणार? रोबोवर साधा फुल एचडी कॅमेरा आहे, आडवा १९२० पिक्सेलचा, ६० अंशांत बघणारा, असं धरा. ५०० मीटरवर त्याला सुमारे ५७७ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे मीटरला तीन-साडेतीन पिक्सेल. अख्खा उभा माणूस पाच-सहा पिक्सेलांचा! हाताचं तर नावच नको.

हेच गणित खाली आणत या. ५० मीटरवर मीटरला ३३ पिक्सेल पडतात. तळहात तीन पिक्सेलांचा, कोपरापासून बोटांपर्यंतचा हात पंधरा पिक्सेलांचा. बोटं मोजता येणार नाहीत, पण हात वर आहे की आडवा, हे कळू शकेल. १० मीटरवर तळहात पंधरा पिक्सेलांचा होतो आणि मूठ की पंजा, हे सांगता येऊ लागतं. एकेक बोट ओळखायचं तर पाच मीटरच्या आत या. झूम लेन्स लावता येते, पण मग त्या अरुंद खिडकीत आधी माणूस सापडायला हवा. या गणिताचं कोष्टक तुमच्या रिपोर्टमध्ये तुमच्या कॅमेऱ्याचे आकडे घालून टाका. सरांच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे: लांब पाठवायच्या रोबोला हातवारे उपयोगाचे नाहीत. टोळीबरोबर चालणाऱ्या, पाच ते तीस मीटरवर असणाऱ्या रोबोला ते उपयोगाचे ठरू शकतात.

असे रोबो येऊ लागलेत. २०२५ चं आर्मी डे संचलन १५ जानेवारीला पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये झालं. त्यात चार पायांची यांत्रिक खेचरं चालताना अनेकांनी पाहिली असतील. अशा खेचराबरोबरच्या जवानाकडे रिमोट असतो. अमेरिकेत याआधी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेच्या एलएस३ प्रकल्पातलं खेचर मरीन सैनिकांमागे चालून पाहत होतं. १८० किलोच्या आसपास ओझं न्यायचं, पुढच्या माणसाच्या मागोमाग यायचं, तोंडी हुकूमही ऐकायचं. पण त्याचं इंजिन इतकं गर्जायचं की २०१५ च्या अखेरीस मरीननी त्याला नकार दिला. गस्तीवर गेलेली टोळी कुजबुजतसुद्धा नाही, आणि मागे हे धूड!

इथे हातवाऱ्यांचा खरा दावा सुरू होतो. पायदळात इशारे आधीपासून आहेतच. एनसीसी केली असेल तर फील्ड सिग्नल शिकला असाल: थांबा, पुढे चला, माझ्यामागे या, झोपा. अमेरिकी लष्कराची तर दृश्य इशाऱ्यांची स्वतंत्र पुस्तिकाच आहे. आवाज होत नाही आणि रेडिओही लागत नाही. ही दुसरी गोष्ट आज फार मोलाची झालीय. युक्रेनच्या युद्धात रेडिओ जॅमिंग इतकं वाढलं की ड्रोनमागे मैलोगणती ऑप्टिकल फायबरची तार सोडून ते उडवण्यापर्यंत पाळी आली. जवळच्या रोबोला नुसतं हात दाखवून काम झालं, तर जॅम करायला काही उरतच नाही. आता हे तुमच्या ४३३ मेगाहर्ट्झच्या शेजारी ठेवून बघा. तुमचा हातमोजा हाताच्या इशाऱ्याचं रूपांतर रेडिओत करतो, म्हणजे हातवाऱ्याचा जो सगळ्यात मोठा फायदा, तोच घालवतो. कॅमेरा तो राखतो.

मग कॅमेराच का नाही? एक गोष्ट सांगतो.

आमच्या एका कामात आम्ही कॅमेऱ्यावर चालणारी सिस्टिम बनवली होती. डेटा आम्हीच गोळा केला. ऑफिसातले आठ-दहा इंजिनिअर कॅमेऱ्यासमोर उभे राहून ऐटीत हात वर करायचे. अचूकता ९८ टक्के. मग चाचणीच्या मदतीला एक निवृत्त हवालदार आले. त्यांना म्हटलं, काका, तुम्ही गस्तीवर कसा इशारा द्यायचात, तसाच द्या. ते पाठ करून चालायला लागले. मधेच डावा हात कंबरेच्या मागे जरासा बाहेर काढला, पंजा उघडला, मिटला आणि पुन्हा रायफल म्हणून दिलेल्या काठीवर नेला. सगळं मिळून एक सेकंद. रोबो आपला निवांत चालत राहिला आणि त्यांच्या टाचेला लागला. ते वळून म्हणाले, "साहेब, मी तर थांब म्हणालो होतो."

आम्ही समोरून तोंड करून दिलेले इशारे शिकवले होते. पण गस्तीचा म्होरक्या पुढे असतो आणि टोळी त्याची पाठ बघत असते. पाठीवर पिशवी, तिच्याआड अर्धा हात. इशारा छोटा, अंगाजवळचा, कारण मोठा हात हलवला तर शत्रूलाही दिसतो. आणि उजवा हात शस्त्रावरून हलत नाही. आमच्या डेटात यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी अचूकता किती आली, ते मी रिपोर्टमध्येही लिहिलं नव्हतं, इथेही लिहीत नाही.

पण त्यापेक्षा मोठा धडा दुपारी मिळाला. जेवणानंतर काका सावलीत बसले होते. रोबो चालूच राहिला होता, ही आमची चूक. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि रोबो सावकाश त्यांच्याकडे यायला निघाला. घाम पुसून खाली येणारा हात आमच्या मॉडेलला 'माझ्याकडे ये' वाटला होता.

या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम इशारा ओळखणं हे नाहीच. हात काहीच सांगत नाहीये, हे ओळखणं अवघड आहे. हिशेब करा. सिस्टिम दर सेकंदाला एकदा ठरवते की इशारा आहे की नाही. आठ तासांच्या गस्तीत २८,८०० निर्णय झाले. अचूकता ९९ टक्के धरली तरी २८८ चुका, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. त्यातल्या बहुतेक चुका हात इशारा देत नसतानाच होणार, कारण खरे इशारे दिवसभरात पन्नास-साठच असतील. उरलेला वेळ हात घाम पुसतो, डास मारतो, पट्टा ओढतो, तंबाखू मळतो. तुमच्या रिपोर्टमध्ये 'अचूकता ९७ टक्के' असं असेल, तर ती फक्त इशारे दिले त्या क्लिपांवरची आहे ना? मग तिचा मैदानाशी संबंध नाही. तासाला किती वेळा रोबो उगाच हलला, हा आकडा काढा.

अमेरिकी नौदलाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. विमानवाहू जहाजाच्या डेकवर इंजिनांच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून पिवळे जर्सीवाले डायरेक्टर विमानांना हातवाऱ्यांनी नेतात. विमानतळावर दोन काठ्या घेऊन उभा असलेला माणूस तुम्ही खिडकीतून पाहिला असेल, त्याचाच हा कडक अवतार. पायलट नसलेलं विमान डेकवर आलं तर ते हे इशारे कसे वाचणार? एमआयटीमध्ये यावर काम झालं. २४ इशारे, २० माणसं, प्रत्येकाने प्रत्येक इशारा २० वेळा केलेला, म्हणजे ९,६०० नमुने. सिस्टिम तीन सेकंदांच्या ६० फ्रेम घेऊन अंगाची ठेवण आणि पंजाचा आकार दोन्ही बघायची. २०१२ मध्ये जाहीर झालेली अचूकता होती सुमारे ७६ टक्के. हसू नका. त्यातले काही इशारे मुद्दाम फसवे आहेत. 'ब्रेक लाव' आणि 'ब्रेक सोड' यांत हात तिथेच वर असतात, एकात उघडा पंजा मिटायचा, दुसऱ्यात मिटलेली मूठ उघडायची. फक्त क्रम उलटा. आणि या दोघांत गल्लत झाली तर विमान समुद्रात.

मग नौदलाने प्रत्यक्षात काय केलं? एक्स-४७बी हे मानवरहित विमान १० जुलै २०१३ ला विमानवाहू जहाजावर उतरलं. त्याआधी डिसेंबर २०१२ मध्ये डेकवर फिरवायच्या चाचण्या झाल्या होत्या. पिवळ्या जर्सीवाला नेहमीसारखे हातवारे करत होता, आणि ते बघून दुसरा एक माणूस हातावर बांधलेल्या कंट्रोलरने विमान हलवत होता. म्हणजे हातवारा आणि यंत्र यांच्यामध्ये एक जिवंत माणूस बसवला. त्यानंतरच्या एमक्यू-२५ या मानवरहित विमानाची डेकवरची चाचणी २०२१ अखेरीस झाली, तीही हातातल्या कंट्रोलरवरच. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. डेकवरच्या बाकीच्या कुणालाही नवीन काही शिकावं लागलं नाही, आणि ७६ टक्क्यांवर कुणाचा जीव टांगला नाही.

आता हातमोजा. त्याची बाजूही मांडायला हवी, कारण कॅमेऱ्याला जे जमत नाही ते त्याला जमतं: अंधार, धूर, पाठमोरा माणूस, झाडाआड गेलेला हात. शिवाय हुकूम कुणी दिला हे त्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्यासमोर रस्त्यावरच्या पोराने हात वर केला तर तो हुकूम मानायचा का? हातमोज्याची ओळख पटवता येते. अट एवढीच की रेडिओ एन्क्रिप्टेड हवा, पिना ग्राउंड केलेला एचटी१२ई नको.

पण तुमच्या हातमोज्यावर बहुधा असलेला एमपीयू-६०५० हा सेन्सर ज्यावर चालतो ते गुरुत्वाकर्षण आहे. हात किती झुकलाय हे तो पृथ्वीच्या ओढीवरून काढतो. टेबलाशी उभं असताना हे छान चालतं. जवान पोटावर झोपला की तोच इशारा सेन्सरला वेगळा दिसतो, कारण अंग फिरलं आणि पृथ्वी नाही फिरली. धावताना प्रत्येक पावलाचा दणका त्या मापात मिसळतो. हात न कलवता नुसता डावी-उजवीकडे वळवला, तर ते अ‍ॅक्सेलरोमीटरला कळतच नाही, जायरोवर, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर, विसंबावं लागतं, आणि जायरो काही मिनिटांत भटकतो. होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर लावून सावरावं तर हाताशेजारी लोखंडी रायफल. उपाय आहे: दुसरा सेन्सर छातीवर लावा आणि हाताचा कोन अंगाच्या तुलनेत काढा. दोनेकशे रुपयांत तुमचा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल.

तिसरा मार्ग स्नायूंच्या विजेचा, ईएमजीचा. कोपराखाली पट्टा बांधायचा आणि मूठ वळताना स्नायूंत उठणारे बारीक विद्युत संकेत वाचायचे. नासाच्या जेपीएलने असा बायोस्लीव्ह बनवून रोबो चालवून दाखवला. बाजारात मायो नावाचा आठ सेन्सरचा पट्टा मिळायचा, २०१८ मध्ये तो बंद झाला. हात रायफलवर असतानाही बोटं दाबून हुकूम देता येतो, ही याची खुबी. पण पट्टा सेंटिमीटरभर सरकला, घाम आला, थंडीने कातडी कोरडी पडली, की पुन्हा कॅलिब्रेशन. सियाचिनला चार थरांच्या बाह्यांखाली हे कोण करत बसणार?

तेव्हा हातमोजा की कॅमेरा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आज मला कुणी काम दिलं तर मी दोन्ही घेईन: मनगटावर छोटा सेन्सर 'आता मी बोलतोय' एवढं सांगायला आणि कॅमेरा काय बोलतोय ते बघायला.

तुमच्या प्रोजेक्टमधली मूळ कल्पना मात्र मी बदलेन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुम्ही हाताने गाडी *हाकताय*. हात झुकलेला असेपर्यंत गाडी पुढे. म्हणजे जवानाचा एक हात आणि दोन्ही डोळे सतत गाडीत अडकले. त्यापेक्षा जॉयस्टिक बरी, अंगठ्यावर भागतं. हातवारा शोभतो तो हुकमाला. 'माझ्यामागे ये' म्हटलं की पुढचे दोन किलोमीटर रोबोने स्वतः यायचं. म्हणून अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या रोकॉग या डेटासेटमध्ये इशारे फक्त सात आहेत: थांब, पुढे हो, मागे हो, लक्ष दे, माझ्यामागे ये, अशा धर्तीचे. त्यात खऱ्या व्हिडिओंबरोबर कॉम्प्युटरवर बनवलेल्या माणसांचे भरपूर व्हिडिओ आहेत. पुढच्या आवृत्तीत जमिनीवरून आणि हवेतून, दोन्हीकडून बघितलेले. पाठमोरा, वाकलेला, लांबचा असा खरा डेटा गोळा करायला वर्षं लागतात, कॉम्प्युटरवर तो रातोरात बनतो. मात्र बनवलेल्या माणसावर शिकलेलं मॉडेल खऱ्या माणसापुढे अडखळतं, आणि सध्याचं बरंच संशोधन त्या दरीवरच चालू आहे.

वेळ किती उरलाय माहीत नाही, तरी जमेल तेवढं करा. इशारे चारच ठेवा. आधी 'लक्ष दे' हा इशारा, त्यानंतर तीन सेकंदांत हुकूम आला तरच मानायचा. घाम पुसणाऱ्या काकांवर हाच इलाज आम्हाला लागू पडला. 'थांब'ला मात्र ही अट नको. थांबणं सोपं असावं, निघणं अवघड. लिंक अर्धा सेकंद तुटली की मोटर बंद. हुकूम कळला हे रोबोने परत कळवायला हवं, कारण माणूसही इशारा पुढे देतो तेव्हा मागच्याला पोचला का हे बघतो. रात्री एलईडी लावून किंवा बझर वाजवून चालणार नाही, मनगटावर मोबाईलमधली व्हायब्रेशन मोटर बसवा. आणि कॅमेरा घेतलात तर गुगलचं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर हाताचे २१ बिंदू फुकट काढून देतं, त्याच्या वर तुमचं डोकं लावा. मात्र ज्या मित्रांचे व्हिडिओ ट्रेनिंगला घेतले, त्यांचाच एकही व्हिडिओ टेस्टिंगला घ्यायचा नाही. एकाच व्हिडिओच्या फ्रेम दोन्हीकडे वाटल्या की ९९ टक्के येतात, ते दरवर्षी येतात आणि दरवर्षी मी तोच प्रश्न विचारतो.

शस्त्र चालवायचा इशारा प्रोजेक्टमध्ये ठेवू नका. काही मुलं रोबोवर लेझर लावतात आणि मूठ वळली की 'फायर'. घाम पुसण्याचा किस्सा आठवा.

रिपोर्टच्या पहिल्या पानावरची ओळ अशी लिहा: "टोळीबरोबर तीस मीटरच्या आत चालणाऱ्या सामानवाहू रोबोला हातवाऱ्यांनी चार हुकूम देण्याचा प्रयत्न." मग एक दिवस दुपारी बाराला कॉलेजच्या मैदानावर जा, एनसीसीच्या एखाद्या कॅडेटला पाठीवर भरलेली पिशवी आणि हातात काठी देऊन रोबोपुढे चालायला लावा, आणि तासाभरात रोबो किती वेळा उगाच हलला ते वहीत लिहा. तो आकडा लाजिरवाणा आला तरी छापा. मी एक्स्टर्नल असेन तर मार्क त्यालाच देईन.